पाच डॉलरचा दंड: न्यू ग्लॅरसच्या अमिश वस्तीचं प्रकरण

1968 साली नवं शालेय वर्ष सुरू झालं आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, न्यू ग्लॅरस गावच्या तीन बापांवर खटला भरला गेला. जोनस योडर, वॉलेस मिलर आणि अ‍ॅडिन युटझी. पहिले दोघे ओल्ड ऑर्डर अमिश या जुन्या रीतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे, तिसरे त्याच मुळातून आलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह अमिश मेनोनाइट चर्चचे. त्यांच्या तीन मुलांनी, म्हणजे पंधरा वर्षांच्या दोन मुली आणि चौदा वर्षांचा एक मुलगा यांनी, आठवी पूर्ण करून शाळा सोडली होती. राज्याचा कायदा सांगत होता की वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत शाळेत गेलंच पाहिजे. न पाठवणाऱ्या पालकाला पाच ते पन्नास डॉलर दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कोर्टाने सगळ्यात कमी शिक्षा दिली. प्रत्येकी पाच डॉलर.

ते पंधरा डॉलर भरून विषय मिटवता आला असता. पण दंड भरणं म्हणजे मुलांना हायस्कुलात घालण्याचं बंधन मान्य करणं, आणि तेच त्यांना मान्य नव्हतं. खटला चार कोर्टांच्या पायऱ्या चढला आणि 15 मे 1972 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात संपला. ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ या नावाने तो ओळखला जातो. धर्मस्वातंत्र्य, पालकांचा अधिकार आणि सक्तीचं शिक्षण यांची जिथे जिथे गाठ पडते, तिथे अमेरिकेत आजही याच निकालाचं पान उघडलं जातं.

मराठी वाचकाला हे प्रकरण अवघड जाईल, आणि जायलाच हवं. सक्तीचं शिक्षण हा आपल्याकडे मुक्तीचा मार्ग मानला गेला आहे. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली. राजर्षी शाहूंनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या एका रुपयाचा आपल्याला अभिमान आहे. मग विस्कॉन्सिनचे पाच डॉलर चुकीचे कसे? मला वाटतं, ते चुकीचेच होते. पण ज्या कारणांनी कोर्टाने ते चुकीचे ठरवले त्यातली सगळीच कारणं पटत नाहीत, आणि एक प्रश्न तर कोर्टाने ओलांडून पुढे जाणंच पसंत केलं.

वस्ती

अमिशांचं मूळ युरोपातल्या अ‍ॅनाबॅप्टिस्ट चळवळीत आहे. 1525 मध्ये झुरिकला काही जणांनी ठरवलं की तान्ह्या बाळाला दिलेला बाप्तिस्मा खरा नव्हे. माणसाने मोठं झाल्यावर, समजून उमजून तो घ्यावा. एवढ्यावरून त्यांचा छळ झाला. फेलिक्स मान्झ या त्यांच्या पुढाऱ्याला 1527 मध्ये लिम्मात नदीत बुडवून मारण्यात आलं. पुढे 1693 च्या सुमारास याकोब अम्मान यांनी अधिक कडक शिस्तीचा आग्रह धरला आणि त्यांच्या मागे गेलेले ते अमिश. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात आले. तिथून ओहायो, इंडियाना आणि पुढे पश्चिमेकडे पसरले. युरोपात आज त्यांची वस्ती उरलेली नाही.

अमिश वस्ती म्हणजे कुंपण घातलेलं वेगळं गाव नव्हे. शेतं आणि घरं इतर शेतकऱ्यांच्या शेजारीच असतात. वीस ते चाळीस कुटुंबांचा मिळून एक चर्च-जिल्हा होतो. चर्चची इमारत नसते. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी किंवा कोठारात उपासना होते, आणि लाकडी बाकं गाडीत घालून एका घरून दुसऱ्या घरी नेली जातात. जिल्हा मोठा झाला की त्याचे दोन होतात. म्हणजे सगळे एकमेकांना नावाने ओळखतात, आजारपणात कोण कुणाकडे जाणार हे ठरलेलं असतं, कोठार जळालं तर ते कोण उभारणार हेही. या सगळ्याला बांधणारे नियम म्हणजे ‘ऑर्डनुंग’. कपडा कसा, टोपीचा काठ किती, घोडागाडी कोणत्या रंगाची, टेलिफोन कुठे ठेवायचा, हे प्रत्येक जिल्हा ठरवतो. म्हणून दोन वस्त्यांत फरक दिसतो. बाहेरून ओढलेली वीज नको, स्वतःची मोटार नको, लढाई नको, शपथ नको, कोर्टकचेरी नको, हा गाभा मात्र सारखा.

ही कोर्टकचेरी नको असणारी माणसंच या खटल्यात होती, हे ध्यानात ठेवायला हवं.

न्यू ग्लॅरस हे स्वित्झर्लंडच्या ग्लॅरस भागातून आलेल्या लोकांनी 1845 मध्ये वसवलेलं दुग्धव्यवसायाचं गाव. तिथली अमिश वस्ती 1960 च्या दशकात आलेल्या थोड्या कुटुंबांची, नवी आणि लहान. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर किंवा ओहायोतल्या होम्स काउंटीसारख्या (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) मोठ्या वस्त्यांत शेजाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना अमिशांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असते. इथे ती नव्हती.

हायस्कूल का नको

अमिशांचा शाळेला विरोध आहे, हे अर्धसत्य आहे. वाचता, लिहिता, हिशेब करता आला पाहिजे, इंग्रजी यायला पाहिजे, हे त्यांना मान्यच आहे. घरी ते पेनसिल्व्हेनिया डच नावाची जर्मन बोली बोलतात, उपासना जर्मनमध्ये होते, आणि इंग्रजी मूल शाळेत शिकतं. गावातल्या एकखोली सरकारी शाळेत त्यांची मुलं वर्षानुवर्षं बिनतक्रार जात होती. त्या शाळा चालत जाण्याइतक्या जवळ होत्या, शिक्षक ओळखीचा असायचा, आणि आठवी झाली की मूल शेतावर यायचं.

हे बिघडलं ते दोन गोष्टींनी. एक, विसाव्या शतकात लहान शाळा बंद करून मोठ्या एकत्रित शाळा काढल्या गेल्या आणि मुलांना बसने दूर नेणं सुरू झालं. दोन, सक्तीचं वय चौदावरून सोळावर गेलं. म्हणजे ज्या दोन वर्षांत अमिश मुलगा नांगर आणि जनावरं हाताळायला शिकतो, मुलगी घर आणि परसबाग सांभाळायला शिकते, आणि दोघंही बाप्तिस्मा घ्यायचा की नाही याचा विचार करू लागतात, नेमकी तीच दोन वर्षं हायस्कुलाने मागितली.

हायस्कुलात काय शिकवतात यापेक्षा तिथे काय रुजतं याची त्यांना धास्ती होती. वर्गात पहिलं येणं, संघात निवडलं जाणं, इतरांपेक्षा वेगळं दिसणं, पुढे जाऊन नाव कमावणं. अमिश घरात याच्या उलट शिकवण असते: आपलं म्हणणं मागे ठेवावं, नमतं घ्यावं, कामात हात द्यावा. दोन्ही शिकवणी एकाच मुलाच्या डोक्यात, तेही चौदा-पंधराच्या वयात, एकत्र घालायच्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. ते पटो न पटो, पण ते आळसातून किंवा मुलांना राबवून घेण्याच्या हावेतून आलेलं नव्हतं. खालच्या कोर्टानेही त्यांची श्रद्धा खरी आहे हे मान्य केलं होतं.

पटाचा पैसा

मग नेमकं 1968 मध्येच काय झालं? त्या वर्षी न्यू ग्लॅरसच्या अमिशांनी लहान मुलांसाठी स्वतःची शाळा सुरू केली आणि मुलं सरकारी शाळेतून काढून घेतली. राज्याचं अनुदान सप्टेंबरमधल्या पटसंख्येवर ठरायचं. अमिशांच्या बाजूने सांगितली गेलेली हकिकत अशी, की शाळा खात्याच्या स्थानिक अधिकाऱ्याने त्यांना सुचवलं: पटमोजणी होईपर्यंत मुलं आमच्याकडेच राहू द्या, मग खुशाल तुमची शाळा उघडा. त्यांना हे खोटेपणाचं वाटलं. त्यांनी नकार दिला. त्यानंतर आठवी पास झालेल्या मुलांच्या पालकांविरुद्ध तक्रार दाखल झाली.

पटावर पैसा ठरू लागला की मूल हा आकडा होतो, हे महाराष्ट्राने 2011 च्या पटपडताळणीत पाहिलं आहे. न्यू ग्लॅरसमध्ये तक्रारीमागे फक्त पैसाच होता असं मी म्हणणार नाही. कायदा स्पष्ट होता आणि तो मोडला गेला होता. पण तडजोडीचा रस्ता उघडा असताना खटला का चालवला गेला, याचं उत्तर शोधताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

रस्ता होता, आणि तो आजमावलेलाही होता. पेनसिल्व्हेनियात 1950 च्या दशकात अमिश बापांना याच कारणासाठी वारंवार अटक व्हायची. शेवटी 1955 मध्ये तिथे तोडगा निघाला: आठवीनंतर मुलांनी आठवड्यातून तीन तास अमिश शिक्षकाकडे इंग्रजी, गणित, आरोग्य, समाजशास्त्र शिकायचं, बाकी आठवडा घरच्या शेतावर काम करायचं आणि रोज काय केलं याची वही लिहायची. खटला उभा राहण्याआधी अमिशांच्या वकिलाने विस्कॉन्सिनच्या शिक्षण खात्याला पत्र लिहून हीच योजना सुचवली. हे शिक्षण हायस्कुलाच्या तोडीचं होणार नाही, असं सांगून खात्याने ती नाकारली.

आयोवातलं उदाहरण तर तीनच वर्षांचं ताजं होतं. नोव्हेंबर 1965 मध्ये हेझल्टनजवळच्या अमिश शाळेपुढे अधिकारी बस घेऊन उभे राहिले. तिथे वाद शिक्षकांच्या पात्रतेचा होता. मुलांना बसमध्ये घालून गावातल्या शाळेत न्यायचं ठरलं होतं. मुलं वर्गातून बाहेर पडली आणि शेजारच्या मक्याच्या शेतात पळाली. काळ्या टोप्या आणि लांब झगे घातलेली, कुंपणाकडे धावणारी ती मुलं एका वृत्तछायाचित्रकाराने टिपली आणि तो फोटो देशभर छापला गेला. राज्यपाल हॅरॉल्ड ह्यूज यांना मध्ये पडावं लागलं, आणि 1967 मध्ये आयोवाच्या विधिमंडळाने अमिशांना सवलत देणारा कायदा केला. विस्कॉन्सिनच्या अधिकाऱ्यांनी हे सगळं वर्तमानपत्रात वाचलेलंच असणार.

न लढणाऱ्यांसाठी लढणारे

अमिश स्वतःहून कोर्टात जात नाहीत. ‘दुष्टाचा प्रतिकार करू नका’ हे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं वाक्य ते शब्दशः पाळतात. अन्याय झाला तर सोसायचा, फारच झाला तर घरदार विकून दुसऱ्या राज्यात जायचं. 1961 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका अमिश शेतकऱ्याने सामाजिक सुरक्षा कर भरायला नकार दिला, कारण म्हाताऱ्यांची काळजी सरकारने नव्हे, आपण घ्यायची असते. करखात्याने नांगरणीच्या दिवसांत त्याचे घोडे जप्त करून विकले. त्यावरही अमिश कोर्टात लढून जिंकले नाहीत. संसदेनेच 1965 मध्ये स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्या अमिशांना त्या करातून सूट दिली.

त्यामुळे न्यू ग्लॅरसच्या तिघांसाठी उभे राहिले ते बाहेरचे लोक. मिशिगनमधले ल्युथरन पाद्री विल्यम लिंडहोम यांनी 1967 मध्ये अमिशांच्या धर्मस्वातंत्र्यासाठी एक राष्ट्रीय समिती उभी केली होती. त्यात वेगवेगळ्या पंथांचे लोक होते, अमिश नव्हते. समितीने वकील दिला तो विल्यम बेंटली बॉल, हॅरिसबर्गचे कॅथलिक. तिघा बापांनी एवढंच केलं की या लोकांना आपल्या वतीने बोलू दिलं. स्वतः लढायचं नाही, पण दुसरा आपल्यासाठी बोलत असेल तर त्याला अडवायचं नाही. यात विसंगती आहे असं काही जण म्हणतात. मला त्यात एक फार कठीण तोल सांभाळण्याची धडपड दिसते, आणि ती प्रामाणिक वाटते.

मन्रोचं कोर्ट

न्यू ग्लॅरस ज्या ग्रीन काउंटीत येतं, तिचं मुख्य ठिकाण मन्रो. एप्रिल 1969 मध्ये तिथे साक्षी झाल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाने जे काही ठरवलं त्याचा जवळजवळ सगळा कच्चा माल या एका लहान कोर्टातल्या नोंदीत आहे. बॉल यांनी कायद्याची पुस्तकं मागे ठेवली आणि माणसं पुढे आणली. काउंटीच्या शेरीफने सांगितलं की अमिशांमुळे पोलिसांना त्रास होत नाही. समाजकल्याण विभागाकडून आलं की ते मदतीसाठी हात पसरत नाहीत. शिकागो विद्यापीठाचे शिक्षणतज्ज्ञ डोनाल्ड एरिक्सन यांनी सांगितलं की ज्या आयुष्यासाठी ही मुलं तयार होतात, त्यासाठी कामातून शिकण्याची त्यांची पद्धत आदर्श आहे, कदाचित हायस्कुलापेक्षा सरस.

सगळ्यात वजनदार साक्ष झाली ती जॉन हॉस्टेटलर यांची. ते टेंपल विद्यापीठात प्राध्यापक होते आणि अमिश समाजाचे सर्वांत जाणकार अभ्यासक. त्यांनी सांगितलं की सक्तीचं हायस्कूल मुलांच्या मनावर खोल ताण आणेल आणि शेवटी हा समाजच मोडेल. उलटतपासणीत सरकारी वकिलाने विचारलं, मुलाला जगात आपली जागा मिळवता यावी यासाठीच शिक्षण नसतं का? हॉस्टेटलर यांचं उत्तर त्या खटल्यात सगळ्यात जास्त उद्‌धृत झालं: कोणत्या जगात, त्यावर ते अवलंबून आहे.

उत्तर चोख होतं. पण ते देणारा माणूस कोण होता? हॉस्टेटलर पेनसिल्व्हेनियातल्या अमिश घरात जन्मले होते. तरुणपणी त्यांनी अमिश चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला नाही, मेनोनाइट झाले, आणि शिकत शिकत प्राध्यापकीपर्यंत पोचले. आठवीनंतरची शाळा अमिश मुलाला नको, हे सांगायला कोर्टात जो सगळ्यात समर्थ माणूस मिळाला, तो स्वतः दुसऱ्या जगात गेलेला अमिश मुलगा होता. त्यांनी खोटं सांगितलं असं मुळीच नाही. आपल्या माणसांबद्दलचं त्यांचं प्रेम आणि ज्ञान दोन्ही खरं होतं. पण त्यांच्यासारखं मूल न्यू ग्लॅरसच्या त्या तिघांत असेल तर त्याचं काय, हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही. सरकारी वकिलानेही नाही.

तिघांपैकी एकाच मुलाची साक्ष झाली. जोनस योडर यांच्या मुलीने सांगितलं की हायस्कुलात न जाणं हा तिच्या स्वतःच्या श्रद्धेचा भाग आहे. मिलर यांची मुलगी आणि युटझी यांचा मुलगा कोर्टापुढे बोललेच नाहीत.

काउंटी न्यायालय म्हणालं, कायदा त्यांच्या धर्मस्वातंत्र्याच्या आड येतो हे खरं, पण राज्याची मागणी वाजवी आहे, दंड कायम. सर्किट कोर्टाने तेच धरलं. जानेवारी 1971 मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र उलट निकाल दिला, आणि आता अपिलात जाण्याची पाळी राज्याची आली.

वॉशिंग्टन

8 डिसेंबर 1971 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाले. न्यायमूर्ती पॉवेल आणि रेन्क्विस्ट नुकतेच नेमले गेले होते, त्यांनी भाग घेतला नाही. उरलेल्या सातांनी दंड रद्द केला; त्यांतल्या डग्लस यांनी काही भागापुरतं भिन्न मत दिलं. निकालपत्र सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलं.

त्यांची वाट अशी. शिक्षण देणं हे राज्याचं मोठं काम आहे, पण धर्मस्वातंत्र्यापुढे फक्त सर्वोच्च दर्जाचं आणि दुसऱ्या कोणत्याही मार्गाने न साधणारं हितच टिकू शकतं. इथे भांडण सबंध शिक्षणाचं नाही, आठवीनंतरच्या एक-दोन वर्षांचं आहे. तेवढ्याने राज्याचं फार काही साधणार नाही, अमिशांचं मात्र सर्वस्व जाईल. मूल उद्या वस्ती सोडून बाहेर पडलं तर समाजावर ओझं होईल, याला पुरावा नाही. काम करण्याची सवय आणि भरवसा घेऊनच ते बाहेर येईल. ही सूट ऊठसूट कुणालाही नाही. थोरो या लेखकासारखा एखादा आपल्या तत्त्वज्ञानासाठी जंगलात जाऊन राहिला तर ती वैयक्तिक निवड झाली. अमिशांची जीवनपद्धती जवळजवळ तीनशे वर्षं चालत आलेल्या धर्माची आहे.

मला पहिला भाग पूर्ण पटतो. आठवीपर्यंतचं शिक्षण झालेलं होतं, ही या प्रकरणाची खरी टेकू देणारी भिंत आहे. न्यायमूर्ती व्हाइट यांनी वेगळ्या सहमतीत हेच स्पष्ट केलं: पालकांनी मुलांना अजिबात शाळेत घातलं नसतं, तर हा खटला फार वेगळा झाला असता. शाहूंचा रुपया आणि न्यू ग्लॅरसचे डॉलर यांत फरक पडतो तो इथेच. कोल्हापुरातला दंड मुलाला अक्षरांपर्यंत नेण्यासाठी होता. न्यू ग्लॅरसमध्ये अक्षरं आलेली होती. आपला शिक्षणहक्क कायदाही सहा ते चौदा या वयाला, म्हणजे आठवीपर्यंतच लागू आहे. तेवढ्यापुढे सक्ती किती ताणायची यावर आपल्याकडेही वाद होऊ शकतो.

पटत नाही ते वेगळंच. निकालपत्रात अमिश किती कष्टाळू, कायदा पाळणारे, स्वावलंबी, याचं वर्णन पानोपानी येतं. अमेरिकेचे एक संस्थापक जेफर्सन यांच्या कल्पनेतला मेहनती शेतकरी म्हणजे जणू हेच, असंही त्यात आहे. हक्क चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून मिळत असेल तर तो हक्क उरत नाही. ज्यांचा पंथ शंभर वर्षांचाही नाही, ज्यांच्यात काही गुन्हेगार आहेत, ज्यांच्याबद्दल शेजारी चांगलं बोलत नाहीत, त्यांचं काय? डग्लस यांनी नेमकं हेच बोट ठेवलं: अमिशांच्या शिस्तीचा पुरावा इथे गैरलागू आहे.

डग्लस यांचं भिन्न मत

विल्यम डग्लस यांचा मुख्य मुद्दा मात्र मुलांचा होता. धोक्यात आहे ते विद्यार्थ्याचं भवितव्य, आईबापाचं नव्हे, असं त्यांनी लिहिलं. एखाद्या मुलाला पियानोवादक व्हायचं असेल, अंतराळवीर किंवा सागरशास्त्रज्ञ व्हायचं असेल. त्यासाठी त्याला अमिश परंपरेतून बाहेर पडावं लागेल. ते ठरवण्याआधी त्याला विचारलं पाहिजे. योडर यांची मुलगी बोलली, तिच्यापुरता प्रश्न मिटला, म्हणून तिच्या वडिलांबाबत डग्लस बहुमताबरोबर राहिले. उरलेल्या दोन मुलांचं म्हणणं नोंदीत नाही, म्हणून त्यांच्या वडिलांचा प्रश्न खुला आहे, असं त्यांचं मत.

बहुमताचं उत्तर तांत्रिक होतं: खटला पालकांवर आहे, मुलांवर नाही, मुलाची इच्छा आईबापाविरुद्ध आहे असा वाद कुणी घातलेलाच नाही. कायद्याच्या चौकटीत हे बरोबर असेल. पण ज्याच्या आयुष्यावर चार कोर्टं बोलली, त्याच्याशी बोलायला एक दुपार पुरली असती.

डग्लस यांच्या मुद्द्यातही एक अडचण आहे, आणि ती मान्य करायला हवी. पंधरा वर्षांची मुलगी, आईवडील समोर बसलेले, सगळी वस्ती निकालाकडे डोळे लावून. ती ‘मला पुढे शिकायचंय’ असं कसं म्हणेल? आणि म्हणालीच तर रात्री कोणत्या घरी जाईल? मुलाला विचारण्यालाही रीत लागते: एकांत हवा, वेळ हवा, आणि उत्तर काहीही आलं तरी पायाखालची जमीन जाणार नाही याची हमी हवी. त्या काळच्या कोर्टांकडे अशी रीत नव्हती. म्हणून प्रश्न टाळणं मात्र समर्थनीय ठरत नाही.

आणखी एक गोष्ट निकालाच्या तारखेकडे पाहिलं की लक्षात येते. 1968 मध्ये ती मुलं चौदा-पंधराची होती. मे 1972 मध्ये तिघंही सोळा ओलांडून गेली होती. ज्या दोन वर्षांवर भांडण होतं ती खटला चालू असतानाच संपली होती. निकाल त्यांच्या पाठच्या मुलांसाठी झाला.

नंतर

न्यू ग्लॅरसची ती वस्ती टिकली नाही. कुटुंबं एकेक करून निघून गेली. देशभरच्या अमिशांना ज्या गावाच्या नावाने मोकळीक मिळाली, त्या गावात ती उपभोगायला ते राहिले नाहीत. विस्कॉन्सिन राज्यात मात्र पुढे इतकी अमिश कुटुंबं आली की पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि इंडियाना यांच्यानंतर आज तिथलीच अमिश लोकसंख्या मोठी आहे. अमेरिकेत एकूण अमिश आता चार लाखांच्या घरात आहेत आणि दर वीसेक वर्षांनी दुप्पट होत आले आहेत. घरात सहा-सात मुलं, आणि वाढलेल्या दहांपैकी आठ-नऊ मुलं बाप्तिस्मा घेऊन तिथेच राहतात. त्यांच्या स्वतःच्या शाळा दोन हजारांवर आहेत: एक-दोन खोल्या, पहिली ते आठवी एकत्र, आणि शिकवायला बहुधा वस्तीतलीच एखादी अविवाहित तरुणी, जी स्वतः आठवीपर्यंत शिकलेली.

कोर्टाने डोळ्यांपुढे ठेवलेलं शेत मात्र आकसलं. जमीन महागली, मुलं वाढली, आणि बऱ्याच वस्त्यांत शेतकरी आता अल्पसंख्य आहेत. लाकूडकाम, फर्निचर, छपरं, उत्तर इंडियानात तर चाकांवरची फिरती घरं बनवणाऱ्या कारखान्यांतली मजुरी. ‘घरच्या शेतावर, आईबापाच्या नजरेखाली’ हा निकालाचा आधार तितका घट्ट राहिला नाही. 2004 मध्ये संसदेने बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती करून चौदा ते अठरा वयाच्या अमिश मुलांना लाकूड कारखान्यांत काम करायला परवानगी दिली. यंत्रं चालवायची नाहीत आणि वडीलधाऱ्याची देखरेख हवी, या अटींवर. बर्गर यांच्या निकालपत्रात घरच्या शेतातलं काम मुलांना बाधत नाही असं म्हटलं होतं. आरागिरणी म्हणजे घरचं शेत नव्हे.

कायद्यातही निकालाचा घेर कमीजास्त होत गेला. 1982 मध्ये एका अमिश मालकाने आपल्या अमिश कामगारांचा सामाजिक सुरक्षा कर भरायला नकार दिला, तेव्हा बर्गर यांनीच त्याच्याविरुद्ध निकाल लिहिला. 1990 मध्ये न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याची कसोटीच सैल केली आणि योडर प्रकरण पालकहक्काशी जोडलेलं म्हणून वेगळं ठेवलं. जून 2025 मध्ये मेरीलँडमधल्या पालकांनी प्राथमिक शाळेतल्या काही गोष्टींच्या पुस्तकांपासून आपल्या मुलांना दूर ठेवण्याचा हक्क मागितला. ‘महमूद विरुद्ध टेलर’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने योडरचा आधार घेऊन तो दिला. सरकारी शाळेच्या वर्गात रोज बसणाऱ्या मुलांना तो आधार लागू करणं मला ओढूनताणून केल्यासारखं वाटतं. न्यू ग्लॅरसचे अमिश ‘शाळा बदला’ म्हणत नव्हते, ‘आम्हाला जाऊ द्या’ म्हणत होते.

आणि जे वस्ती सोडतात? बाप्तिस्मा घेण्याआधी गेलं तर घरचा दरवाजा सहसा बंद होत नाही. घेतल्यानंतर गेलं तर बहिष्कार. दोन्ही बाबतींत हातात आठवीचं शिक्षण असतं. अनेकांकडे सामाजिक सुरक्षा क्रमांक नसतो, आणि त्याशिवाय अमेरिकेत नोकरी, बँक, वाहन परवाना, सगळंच अडतं. मग जीईडी ही हायस्कुलाच्या तोडीची परीक्षा, बहुतेकदा दिवसभर बांधकामावर काम करून संध्याकाळी अभ्यास करत. आधी सोडून गेलेले लोक नव्याने बाहेर पडणाऱ्यांना घरात ठेवून घेतात, कागदपत्रं मिळवून देतात, गाडी चालवायला शिकवतात. राज्यांनी यात घालण्यासारखं बरंच आहे: अठरानंतर येणाऱ्याला फी न घेता राहिलेलं शिक्षण, ओळखपत्रासाठी सोपी वाट, आणि चौदाव्या वर्षी शाळा सोडताना प्रत्येक मुलाच्या हाती, त्याच्या भाषेत, हा रस्ता पुढेही उघडा आहे असं सांगणारा एक कागद. यातल्या कशालाही पालकांवर खटला भरावा लागत नाही.